अर्विंगची जमीन आणि रिश्टरचा आकडा

अर्विंगला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना काय काय दाखवायचं, याची आम्हा डॅलस-फोर्टवर्थकरांची एक ठरलेली यादी आहे. सगळ्यांत आधी लास कोलिनासमधले घोडे. दगडी चौकातून वाहणाऱ्या पाण्यात नऊ ब्राँझचे मस्टँग उधळलेले आहेत आणि त्यांच्या खुरांखाली खरोखरीचं पाणी उडतं. रॉबर्ट ग्लेन या शिल्पकाराचं हे काम. १९८४ सालापासून ते घोडे तिथे धावताहेत आणि आमच्या प्रत्येक पाहुण्याचा त्यांच्याबरोबर एक तरी फोटो आहे. दुसरा मुक्काम थॉमस जेफरसन पार्कमधल्या गांधीजींच्या पुतळ्याचा. २ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे बरोबर गांधीजयंतीला, त्याचं अनावरण झालं. मग एकता मंदिरात दर्शन, मॅकआर्थर बुलेवार्डवर वाणसामानाची खरेदी आणि पोटपूजा. एवढं होईपर्यंत पाहुणे दमतात आणि आम्हीही.

या यादीत आम्ही अलीकडे आणखी एका जागेची भर घातली आहे. तिथे पाहण्यासारखं काहीच नाही, हेच तिचं वैशिष्ट्य! १८३ आणि ११४ नंबरचे हायवे आणि लूप १२ हे रस्ते जिथे एकमेकांत गुंततात, तिथे एके काळी टेक्सस स्टेडियम होतं. १९७१ पासून २००८ पर्यंत डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचं ते घर. छपराला मधोमध मोठं भोक. देवाला आपला लाडका संघ वरून नीट दिसावा म्हणून ते ठेवलंय, असं इथले लोक कौतुकाने सांगायचे. ११ एप्रिल २०१० च्या सकाळी सुरुंग लावून ते स्टेडियम पाडलं. पलीकडून ट्रिनिटी नदीचा एल्म फोर्क संथपणे वाहतो. तिकडे हात करून आम्ही पाहुण्यांना सांगतो, "आमच्या भूकंपांचं माहेर ते!"

पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. कसा बसावा? अर्विंगची जमीन पोळपाटासारखी सपाट. डोंगर नाही, ज्वालामुखी नाही, समुद्र तर कित्येक तासांच्या अंतरावर. इथे भीती वावटळींची, मोसंब्याएवढ्या गारांची आणि जुलै महिन्यातल्या विजेच्या बिलाची. भूकंप हे आम्ही कॅलिफोर्नियावाल्यांचं दुखणं समजत होतो. पण २०१४ च्या शरद ऋतूपासून अर्विंगची जमीन हलू लागली. २२ नोव्हेंबर २०१४ ला ३.३ चा धक्का बसला. ६ जानेवारी २०१५ या एकाच दिवशी धक्क्यांची रांग लागली. त्यात दुपारी ३.५ चा आणि संध्याकाळी ३.६ चा. दणका, खिडक्यांची थरथर, फळीवरच्या स्टीलच्या डब्यांचा खणखणाट. शेजारच्या घरावर ट्रक आदळला की काय म्हणून लोक रस्त्यावर आले. आणि ही बातमी भारतात पोचल्याबरोबर फोन सुरू झाले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : "किती रिश्टरचा होता?"

"तीन पॉइंट सहा."

"हात्तिच्या! एवढाच होय?"

हा "एवढाच" म्हणजे नेमका केवढा, आणि तो आकडा कुणी, कुठून, कसा काढला, याचा शोध घेता घेता आम्ही अर्विंगहून थेट कोयनेला आणि किल्लारीला जाऊन पोचलो. त्याची ही हकिगत.

सुरुवात रिश्टरपासून करू या. चार्ल्स रिश्टर हे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतले शास्त्रज्ञ. १९३५ साली त्यांनी भूकंपांसाठी एक मोजपट्टी मांडली. त्यांच्यासमोर अडचण अशी होती की, भूकंपयंत्राच्या कागदावर उमटणाऱ्या रेषांपैकी काही केसाएवढ्या, तर काही हातभर. इतका फरक एका पट्टीवर बसवायचा कसा? बेनो गुटेनबर्ग या सहकाऱ्याने सुचवलं की लॉगरिदम वापरावा. शाळेत लॉगची तक्ती पाहून ज्यांना कापरं भरत असे त्यांनी घाबरू नये. अर्थ साधा आहे. १, १०, १००, १००० यांच्याऐवजी नुसती शून्यं मोजायची. म्हणजे पट्टीवर एक घर वर गेलं की जमिनीची हालचाल दहा पट, दोन घरं वर गेलं की शंभर पट. आरंभ कुठे धरायचा? तर भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या एका ठरावीक प्रकारच्या यंत्राने एक मिलिमीटरचा झोका दाखवला तर तो भूकंप ३ चा. यंत्र जवळ असो वा लांब, अंतराचा हिशेब करून आकडा या ठरावीक अंतरावर आणायचा.

म्हणजे ही काही थर्मामीटरसारखी हातात धरायची वस्तू नव्हे. आमच्या ओळखीच्या अनेकांची कल्पना अशी की, कुठल्या तरी प्रयोगशाळेत "रिश्टर स्केल" नावाचं यंत्र ठेवलेलं असतं आणि त्याचा काटा ३.६ वर जाऊन थांबतो. तसं काही नाही. यंत्र फक्त जमिनीचा झोका टिपतं. आकडा हा नंतर केलेला हिशेब असतो. म्हणूनच एकाच भूकंपाचे वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. किल्लारीचा भूकंप कुठे ६.२ दिसतो, कुठे ६.४. यात कुणी लबाडी केलेली नसते. कुणी कोणत्या लहरी मोजल्या, कोणतं सूत्र वापरलं, यावर तो दशांश ठरतो.

रिश्टरच्या मूळ पट्टीची एक मर्यादाही पुढे लक्षात आली. फार मोठे भूकंप तिच्यात मावत नाहीत. वीस किलोचा तराजू असावा आणि त्यावर बैल चढवावा, तसं होतं. १९६० चा चिलीचा महाभूकंप लहरींच्या जुन्या मोजणीने साडेआठच्या आसपास येत होता. प्रत्यक्षात तो ९.५ चा, आजवर यंत्रांनी नोंदलेल्यांपैकी सर्वांत मोठा. म्हणून १९७९ मध्ये टॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी या शास्त्रज्ञांनी नवी पट्टी दिली. तिला मोमेंट मॅग्निट्यूड म्हणतात. तिच्यात तीन गोष्टींचा गुणाकार असतो : खडक किती ताठ, जमिनीतल्या भेगेचा किती मोठा तुकडा सरकला आणि तो किती सरकला. या भेगेला आपल्या भूगोलाच्या पुस्तकात प्रस्तरभंग म्हणत. इथले लोक फॉल्ट म्हणतात, आणि तो शब्द आता आपल्याही तोंडात बसला आहे. आज मोठ्या भूकंपांचे आकडे याच पट्टीवरचे असतात. वर्तमानपत्रं मात्र सवयीने "रिश्टर" लिहीत राहतात.

या हिशेबाने अर्विंगचा ३.६ म्हणजे किती? ढोबळमानाने सांगायचं तर काही शे मीटर लांबरुंदीचा खडकाचा तुकडा बोट-दोन बोटं सरकला. त्यातून लहरींच्या रूपाने जी ऊर्जा बाहेर पडली ती टेक्ससमधल्या एखाद्या घराला चार महिने पुरणाऱ्या विजेएवढी. आता गंमत बघा. पट्टीवर एक घर वर चढलं की झोका दहा पट होतो, पण ऊर्जा वाढते सुमारे ३२ पट. दोन घरांना हजार पट. ३.६ आणि किल्लारीचा ६.२ यांच्यात फरक २.६ घरांचा. वजाबाकी किरकोळ दिसते. पण जमिनीचा झोका सुमारे ४०० पट आणि ऊर्जा सुमारे ८ हजार पट! अर्विंगसारखे आठ हजार धक्के एकत्र केले तर कुठे एक किल्लारी होते. फोनवरचं "एवढाच होय?" हे या अर्थाने बरोबरच होतं.

पण फक्त या अर्थाने. कारण भूकंपाच्या बाबतीत प्रश्न दोन असतात आणि आपण विचारतो एकच.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल किती जोरात बडवला, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर एकच असतं. तो ढोल गॅलरीत, माजघरात, चार गल्ल्या पलीकडे किती ऐकू आला, हा दुसरा प्रश्न. त्याची उत्तरं जितकी घरं तितकी. भूकंपाचंही तसंच. रिश्टरचा किंवा मोमेंटचा आकडा पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळी पट्टी आहे, आणि ती रिश्टरपेक्षा जुनी आहे. इटलीतल्या जुझेप्पे मर्काली यांनी १९०२ साली ती मांडली, आणि १९३१ मध्ये अमेरिकेत तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिला बारा पायऱ्या. यंत्र लागत नाही, माणसं लागतात. तिसरी पायरी : टांगलेल्या वस्तू हलतात, जवळून ट्रक गेल्यासारखं वाटतं. चौथी : कपबश्या, खिडक्या, दारं वाजतात, भिंत करकरते. पाचवी : झोपलेले जागे होतात, एखादी बशी फुटते. आठवी : साधी घरं अंशतः कोसळतात. बारावीच्या पायरीवर काहीच उभं राहत नाही. भारतातही याच जातीची बारा पायऱ्यांची एक पट्टी वापरतात. तिचं नाव एमएसके.

अर्विंगच्या बहुतेकांचे अनुभव चौथ्या पायरीच्या आसपासचे. ३.६ सारख्या छोट्या भूकंपासाठी ही पायरी तशी वरची. याचं कारण खोली. हे धक्के जमिनीखाली जेमतेम साडेचार ते सात किलोमीटरवरून येत होते. हेच केंद्र पन्नास किलोमीटर खोल असतं तर बहुतेक अर्विंगकर जेवणावरून उठलेही नसते.

ही खोली आणि जागा शोधण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. पावसाळ्यात वीज चमकली की आपण लहानपणी आकडे मोजत असू. गडगडाट उशिरा आला तर वीज लांब, लगेच आला तर जवळ. भूकंपातूनही दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या ढकलणाऱ्या, वेगवान. दुसऱ्या आडव्या झुलवणाऱ्या, थोड्या संथ. यंत्राकडे दोन्ही किती सेकंदांच्या अंतराने पोचल्या ते बघायचं आणि त्या सेकंदांना साधारण आठाने गुणायचं. भूकंप तितके किलोमीटर दूर. एका यंत्राने फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. म्हणून किमान तीन यंत्रांभोवती वर्तुळं काढायची. जिथे ती छेदतात तिथे भूकंप. अर्विंगमध्ये लहरी थेट पायाखालून येत, दोन्हींमध्ये सेकंदाचंही अंतर नसे. म्हणून आवाज आणि हादरा एकदमच, बॉम्ब फुटल्यासारखा.

आता अडचण अशी की टेक्सस फ्रान्सपेक्षा मोठा, आणि २०१४ साली इथे भूकंपयंत्रं मोजकी. सुरुवातीला यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, भूकंपकेंद्राचे जे ठिपके नकाशावर देत असे, ते अर्विंगभर विखुरलेले दिसत. शेजारच्या डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एसएमयूच्या, शास्त्रज्ञांनी जानेवारी २०१५ मध्ये यूएसजीएस आणि शहराच्या मदतीने गावात जागोजागी फिरती यंत्रं बसवली. महिन्याभरात चित्र पालटलं. विखुरलेले ठिपके एका अरुंद रेषेवर गोळा झाले. जेमतेम दोन मैलांची रेषा, ट्रिनिटी नदीच्या कडेने ११४ हायवेपासून वॉलनट हिल रस्त्याच्या दिशेने जाणारी, अर्विंगमधून पश्चिम डॅलसकडे. जमिनीच्या पोटातली भेग, जी वरून कुणालाही दिसत नव्हती, ती या छोट्या छोट्या धक्क्यांनीच रेखून दाखवली. आम्ही पाहुण्यांना जे "काहीच नाही" दाखवतो, ते हे.

या गावाचं नाव वॉशिंग्टन अर्विंग या लेखकावरून पडलं, असं इथे मानतात. त्याचा रिप व्हॅन विंकल वीस वर्षं झोपला होता. एसएमयू आणि यूएसजीएसच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे उत्तर टेक्ससच्या या खोऱ्यातले फॉल्ट सुमारे ३० कोटी वर्षं झोपले होते. मग २००८ पासूनच ते जागे का व्हावेत? पहिले धक्के २००८ च्या हॅलोवीनच्या सुमारास डीएफडब्ल्यू विमानतळाजवळ जाणवले. मग क्लेबर्न, अ‍ॅझल, अर्विंग. मे २०१५ मध्ये व्हीनस गावाजवळ ४.० चा धक्का बसला, या मालिकेतला सर्वांत मोठा.

उत्तर पाण्यात आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात. फोर्ट वर्थच्या आसपास बार्नेट शेल नावाच्या खडकातून नैसर्गिक वायू काढण्याची या शतकाच्या सुरुवातीला मोठी धूम होती. त्या वायूबरोबर अतिखारट पाणी वर येतं. ते नदीत सोडता येत नाही. म्हणून खोल विहिरींमधून आणखी खालच्या चुनखडीच्या थरात ते दाबाने सोडतात. हे पाणी जुन्या भेगांपर्यंत पोचलं, किंवा नुसता त्याचा दाब पोचला, तरी इतकी वर्षं एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडक सरकू शकतात. अर्विंगच्या अगदी शेजारी अशी चालू विहीर नव्हती. त्यामुळे इथे बोट दाखवणं विमानतळाइतकं सोपं गेलं नाही आणि वादही बराच झाला. टेक्ससमध्ये तेल आणि वायूचा कारभार रेलरोड कमिशनकडे असतो. नाव रेल्वेचं, काम तेलाचं. आपल्या सरकारी खात्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार! पुढे वायूचे भाव पडले, विहिरी कमी झाल्या, पाणी सोडणं घटलं, आणि या खोऱ्यातले धक्केही घटत गेले. टेक्ससच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलर मंजूर करून राज्यभर भूकंपयंत्रांचं जाळं उभारलं. त्याचं नाव टेक्सनेट. आधी मोजायचं, मग बोलायचं, हे तरी मान्य झालं.

पाण्याने भूकंप होतो हे ऐकून आमचे अमेरिकन शेजारी चकित झाले. आम्हा मराठी मंडळींना तेवढं नवल वाटलं नाही. कारण कोयना.

कोयनेच्या धरणात, म्हणजे शिवाजीसागर जलाशयात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवायला लागले आणि लवकरच लहान धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या पुढे मोठा भूकंप झाला. तो आज ६.३ चा मानतात. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दोनशेच्या आत-बाहेर माणसं दगावली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. धरणातच एक यंत्र बसवलेलं होतं. त्याने जमिनीच्या धक्क्याचा प्रवेग नोंदला तो गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के. ही मोजणीची तिसरी तऱ्हा, इंजिनिअर लोकांच्या कामाची. इमारतीला बाजूने किती जोराचा हिसका बसेल ते यातून कळतं. कोयनेची ती नोंद जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासली. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जलाशय आणि भूकंप यांच्या नात्यावर आयुष्यभर काम केलं. त्यासाठी कराडला एक खास प्रयोगशाळा आहे आणि कोयनेच्या परिसरात खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालेलं आहे. अर्विंगच्या भूकंपाबद्दल विचार करताना जगाने जो धडा उघडला, त्याची पहिली पानं सातारा जिल्ह्यात लिहिली गेली होती.

आणि मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं घरात गाढ झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कोयना ६.३. किल्लारी ६.२. किल्लारीचा भूकंप किंचित लहानच. वेळ दोन्हीकडे पहाटेची, माणसं दोन्हीकडे अंथरुणात. मग एकीकडे दोनशे आणि दुसरीकडे काही हजार, हे कसं? रिश्टरच्या आकड्यात याचं उत्तर नाही. ते घरांत आहे. कोयनेच्या खोऱ्यात वस्ती विरळ, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. किल्लारीकडे दाट गावं, मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि वर माळवद. लाकडांवर मातीचा जाड थर, दर पावसाळ्यापूर्वी आणखी माती. उन्हाळ्यात गारवा देणारं हे छप्पर टनावारी वजनाचं. भिंतीचे गोल दगड नुसते एकमेकांवर ठेवलेले. आतला थर आणि बाहेरचा थर बांधणारा दगडच नाही. हिसका बसताच भिंत दोन्ही बाजूंना फुटली आणि माळवद खाली आलं. ज्यांची झोपडी गवताची किंवा पत्र्याची होती अशी गरीब माणसं कित्येक ठिकाणी वाचली.

सरकारी नकाशावर तेव्हा किल्लारीचा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो सर्वांत खालचा पट्टाच नकाशातून काढून टाकला आणि किल्लारी वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात आली. भूकंपाआधी वर्षभर, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्लारीला छोट्या धक्क्यांची मालिका जाणवली होती. छोटे धक्के मोठ्याची वर्दी असतातच असं नाही. बहुतेक वेळा नसतात. अर्विंगचे धक्के आपोआप विरले. पण छोट्या धक्क्याला "एवढाच होय?" म्हणून सोडून देणंही बरं नाही. अर्विंगमध्ये छोट्या धक्क्यांनी भेग दाखवली, पाण्याकडे लक्ष वेधलं, यंत्रांसाठी पैसे मिळवून दिले. मोठा न होता.

या साऱ्या भटकंतीत अर्विंगच्या गांधीजींचीही आठवण होते. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटनेचा नीतीशी असा संबंध जोडू नये, हे त्यांचं म्हणणं. गांधीजींचा मोठेपणा असा की ते पत्र त्यांनी आपल्याच "हरिजन" मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी रिश्टरने आपली पट्टी मांडली. आज आम्हाला वाटतं की टागोरांचं बरोबर होतं, जमिनीला पाप-पुण्य कळत नाही. पण माणसाचा भूकंपात काही हिस्साच नसतो असंही नाही. कधी तो सुरुवातीला असतो, जमिनीत सोडलेल्या किंवा वर साठवलेल्या पाण्याच्या रूपाने. आणि शेवटी तर असतोच, आपण बांधलेल्या घराच्या रूपाने. मधला आकडा तेवढा जमिनीचा.

हे सगळं आपल्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण आपलं एक घर इथे आणि मन दुसऱ्या घरात. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील आजही जुन्या वाड्यात, दगडमातीच्या घरात राहतात. आपण सुट्टीत जातो, वर एक खोली चढवतो, नवी फरशी घालतो, न्हाणीघरात गीझर बसवतो. त्याच पैशांत एखाद्या जाणत्या इंजिनिअरला घर दाखवता येतं. छपरावरचं मातीचं ओझं कमी करणं, भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे बंध घालणं, दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा बांधणं, ही कामं किल्लारीनंतर मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी झाली. त्यात अवघड विज्ञान नाही. फरशीइतकी ती दिसत नाहीत, एवढंच.

इथल्या घरासाठीही थोडं. गरम पाण्याची टाकी आणि पुस्तकांची उंच कपाटं भिंतीला पट्टीने बांधून ठेवा. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर पितळी समया आणि घंगाळं रचली असतील तर ती खाली उतरवा. खाली मुलं मांडी घालून बसतात. घराच्या साध्या विम्यात भूकंपाची भरपाई सहसा नसते, ती वेगळी मागावी लागते. पॉलिसी एकदा काढून वाचा. हादरा बसला तर बाहेर पळण्यापेक्षा मजबूत टेबलाखाली शिरणं इथल्या लाकडी घरात जास्त सुरक्षित.

आणि धक्का जाणवलाच, तर यूएसजीएसची "तुम्हाला जाणवला का?" या अर्थाच्या नावाची एक प्रश्नावली आहे, ती भरा. झुंबर हललं का, भांडी वाजली का, तुम्ही घाबरलात का, असे साधे प्रश्न. मर्कालीची बारा पायऱ्यांची पट्टी आज अशीच भरली जाते. घराघरातून. ६ जानेवारीच्या संध्याकाळी ज्यांनी ती भरली, त्यांच्या उत्तरांवरून कुठे किती हललं याचा नकाशा तयार झाला. आपल्या मंडळींना वाटतं, आपण काय सांगणार, आपण का शास्त्रज्ञ? पण यंत्र एका ठिकाणी असतं आणि आपली स्वयंपाकघरं गावभर आहेत. कुठल्या फळीवरचे डबे वाजले, हे आपल्यावाचून कोण सांगणार?

पुढच्या खेपेला भारतातून फोन आला आणि "किती रिश्टरचा?" असं कुणी विचारलं, तर आकडा जरूर सांगा. त्याबरोबर तिकडच्या घराचीही चौकशी करा. माळवदावर माती किती चढली आहे, भिंतीला तडा गेलाय का, या वर्षी गवंडी बोलावला होता का? बोलणं जरा लांबेल. लांबू द्या.